रक्तांतील वायु आणि रक्ताचा आंबटपणा



सन २०२० च्या मार्च महिन्याच्या ९ तारखेस पुणें महानगरपालिकेच्या डॉ. नायडू रुग्णालयांत महाराष्ट्रांतील कोरोनाचे पहिले दोन रुग्ण निश्चित झाले. त्यानंतरच्या वर्ष-दीड वर्षांत आपल्या शहरांतील पुष्कळशा सुशिक्षित घरांमध्यें एका नव्या उपकरणाचा प्रवेश झाला. बोटाला चिमट्यासारखें लावावयाचें, लाल उजेड टाकणारें आणि थोड्याच वेळांत ‘९७’ किंवा ‘९८’ असा आंकडा दाखविणारें हें ऑक्सिमीटर यंत्र आतां थर्मामीटरच्या शेजारीं फडताळांत जाऊन बसलें आहे. घरांतील वडील माणसाला जरा धाप लागली कीं कोणीतरी धांवत जाऊन तें घेऊन येतें, आंकडा पाहतें आणि ‘अठ्ठ्याण्णव आहे, कांहीं काळजी नको’ असा निर्वाळा देतें. हा निर्वाळा बहुतेक वेळां बरोबर असतो. परंतु कांहीं वेळां तो साफ चुकतो, आणि तो चुकतो तेव्हां माणूस दगावण्यापर्यंत मजल जाऊं शकते. तो केव्हां चुकतो आणि कां चुकतो हें समजून घ्यावयाचें असेल, तर रक्तांतील दोन वायु आणि रक्ताचा आंबटपणा यांचा परस्परसंबंध पाहिला पाहिजे. विषय वैद्यकाचा आहे आणि मी वैद्य नव्हे. आयुष्यभर शाळेंत गणित व शास्त्र शिकविलेला एक मॅट्रिक मास्तर आहें. पण या विषयाचा पाया पाहूं गेल्यास तो शाळेंतल्या रसायनाहून आणि त्रैराशिकाहून फारसा खोल नाहीं, म्हणूनच हें धाडस करीत आहें.

प्रथम त्या चिमट्याविषयीं. आपल्या रक्तांतील तांबड्या पेशींमध्यें हिमोग्लोबिन नांवाचें द्रव्य असतें. प्राणवायु घेतलेलें हिमोग्लोबिन भडक लाल असतें, न घेतलेलें काळसर असतें. चिमट्यांतून एक लाल आणि एक डोळ्यांना न दिसणारा अवरक्त असे दोन प्रकाश बोटांतून आरपार जातात, आणि नाडीच्या प्रत्येक ठोक्याबरोबर ते किती शोषले गेले यावरून यंत्र हिशेब करतें कीं, शंभरांतील किती हिमोग्लोबिन प्राणवायूनें भरलेलें आहे. ठोक्याचा असा उपयोग करून घेण्याची युक्ति ताकुओ आओयागी या जपानी अभियंत्यानें १९७४ च्या सुमारास काढली. ज्या एप्रिल २०२० मध्यें सारें जग हें यंत्र बोटाला लावून बसलें होतें, त्याच महिन्यांत हा गृहस्थ निवर्तला.

या आंकड्याची एक खोड आहे. पुण्याहून लोणावळ्यापर्यंत आगगाडीनें जातांना आपण फारसे चढत नाहीं कीं उतरत नाहीं. पण खंडाळ्याचा घाट लागला कीं थोडक्या अंतरांत गाडी एकदम तळाला जाते. प्राणवायूचा रक्तांतील दाब आणि हिमोग्लोबिनचें भरलेपण यांचा संबंध थेट असाच आहे. दाब ९५ मिलिमीटरवरून ६० पर्यंत उतरला तरी बोटावरचा आंकडा ९७ वरून ९० पर्यंतच येतो. हें झालें पठार. त्याच्या पुढें दाब थोडा जरी घटला तरी आंकडा भराभर कोसळूं लागतो. हा झाला घाट. म्हणून ‘नव्वद म्हणजे शंभरांत नव्वद गुण, उत्तम पास’ असें कोणीं समजूं नये. नव्वद म्हणजे खंडाळा स्टेशन. गार पडलेल्या बोटाला, नखाला गडद रंग लावलेला असतां, किंवा कातडी बरीच काळी असतां आंकडा चुकण्याचा संभव वाढतो. २०२० सालीं अमेरिकेंत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत असें आढळलें कीं, बोटावर आंकडा चांगला असून धमनींतील रक्तांत मात्र प्राणवायु कमी, असा प्रकार गोऱ्या रुग्णांपेक्षां काळ्या रुग्णांत जवळजवळ तिप्पट वेळां घडतो. आपण सांवळ्या वर्णाच्या लोकांनीं ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

परंतु याहून मोठी गोष्ट अशी कीं, श्वासाचीं कामें दोन आहेत आणि चिमटा एकाचीच परीक्षा घेतो. प्राणवायु आंत घेणें हें एक काम. जळणानंतर उरलेला कार्बन डायऑक्साइड, ज्याला आपण थोडक्यांत कर्बवायु म्हणूं, तो बाहेर टाकणें हें दुसरें. चुन्याच्या निवळींत नळीनें फुंकर घातली कीं ती दुधासारखी पांढरी होते, हा प्रयोग आपल्यापैकीं बहुतेकांनीं शाळेंत केला असेल. ती पांढरी करणारा तो हा वायु. स्वस्थ बसलेल्या माणसाच्या शरीरांत तो मिनिटाला सुमारें २०० घनसेंटिमीटर तयार होतो, म्हणजे दिवसाकांठीं जवळजवळ ३०० लिटर. हा सारा उच्छ्वासाबरोबर बाहेर पडला पाहिजे. तो अडला तर काय होतें?

गोटीच्या सोड्याची बाटली आठवा. त्यांत साखर, लिंबू कांहीं घातलेलें नसलें तरी पाणी जिभेला किंचित् आंबट लागतें, कारण दाबानें कोंबलेला कर्बवायु पाण्याशीं संयोग पावून सौम्य आम्ल बनतो. गोटी आंत ढकलली कीं फसफसून वायु निघून जातो आणि उरलेलें पाणी कांहीं वेळानें पुन्हां मचूळ लागतें. आपलें रक्त ही अशीच बाटली आहे, आणि प्रत्येक उच्छ्वास म्हणजे ती गोटी ढकलणें. श्वास मंदावला कीं बाटली बंद राहते व रक्त आंबट होऊं लागतें. श्वास फाजील जलद झाला कीं वायु नको तितका निघून जातो आणि रक्त आम्लाऐवजीं अल्काकडे, म्हणजे हळदीच्या डागाला लाल करणाऱ्या साबणाच्या बाजूकडे, झुकतें.

या आम्लाला सांवरून धरणारें द्रव्य रक्तांत सदैव हजर असतें. तें म्हणजे बायकार्बोनेट; आपल्या स्वयंपाकघरांतल्या खाण्याच्या सोड्यांत असणारेंच. त्याचा साठा राखण्याचें काम मूत्रपिंडांकडे आहे. निसर्गानें हा कारभार असा वांटून दिला आहे कीं, कर्बवायूची मात्रा फुप्फुसांनीं संभाळावी आणि सोड्याची मूत्रपिंडांनीं. फुप्फुसें मिनिटांत बदल करूं शकतात. मूत्रपिंडें सावकाश चालणारीं, त्यांना तास, किंबहुना दिवस लागतात. निरोगी माणसाच्या धमनींतल्या रक्तांत बायकार्बोनेट २४ असतें आणि विरघळलेला कर्बवायु त्याच मापानें १.२ असतो. २४ भागिले १.२ म्हणजे २०. विसास एक हें प्रमाण टिकलें कीं रक्ताचा आंबटपणा योग्य राहतो. हेंडरसन यानें १९०८ सालीं हा संबंध मांडला, आणि पुढें डेन्मार्कच्या हॅसलबाल्क यानें त्याला पीएचच्या भाषेंत बसविलें.

पीएच हें माप सोरेन्सेन यानें १९०९ सालीं कोपनहेगन येथील कार्ल्सबर्ग या मद्याच्या कारखान्याच्या प्रयोगशाळेंत काढलें. सात म्हणजे ना आंबट ना तुरट. त्याखालीं आम्ल, त्यावर अल्क. रक्ताचें पीएच ७.३५ ते ७.४५ यांच्या दरम्यान राहिलें पाहिजे. येथें एक सांपळा आहे व त्यांत चांगले शिकलेले लोकहि सांपडतात. ७.४ चें ७.१ झालें तर ‘एवढ्याशा तीन दशांशांनीं काय बिघडतें?’ असें वाटतें. पण हें माप लॉगच्या कोष्टकावर बांधलेलें आहे, आणि लॉगची वही वापरलेल्या प्रत्येकाला आठवत असेल कीं, दोहोंचा लॉग सुमारें ०.३ असतो. म्हणजे ७.४ चें ७.१ होणें याचा अर्थ रक्तांतील आम्ल दुप्पट होणें. तें दुप्पट झालें कीं हृदयाची शक्ति क्षीण होते, ठोके अनियमित पडूं शकतात आणि मेंदूवर झांपड येते.

जातां जातां एक गोष्ट सांगून टाकतों. ‘अल्कयुक्त पाणी’ म्हणून बाजारांत महाग बाटल्या विकल्या जातात आणि त्यानें रक्तांतला आंबटपणा जातो असें सांगितलें जातें. तें पाणी जठरांत पडतांच तेथल्या तीव्र आम्लांत त्याचा निकाल लागतो, आणि त्यांतून कांहीं उरलेंच तर दोन-चार श्वासांचा फेरफार तें पुसून टाकतो. रक्ताचें पीएच पाण्याच्या बाटलीनें हालत असतें तर जेवणांतल्या कैरीच्या लोणच्यानें आपण केव्हांच आडवे पडलों असतों.

आतां, रक्तांतले हे वायु मोजणें रुग्णाच्या जिवाशीं कसें निगडित आहे हें जगाला ज्या प्रसंगानें कळलें, तो थोडा विस्तारानें सांगण्याजोगा आहे. १९५२ च्या उन्हाळ्यांत कोपनहेगन शहरांत पोलिओची भयंकर सांथ आली. ब्लेगडॅम रुग्णालयांत रोज कित्येक मुलें येऊं लागलीं. त्यांतल्या ज्यांचा गिळण्याचा व श्वासाचा स्नायु लुळा पडला होता, त्यांच्यासाठीं त्या रुग्णालयांत एक लोखंडी श्वासपेटी आणि छातीवर बसविण्याचीं सहा यंत्रें एवढीच सामग्री होती. आरंभींच्या आठवड्यांत अशा ३१ रुग्णांवर त्यांनीं उपचार केले. त्यांतले २७ मेले. या मुलांच्या रक्तांत बायकार्बोनेटच्या रूपानें एकंदर कर्ब फार वाढलेला दिसे. त्यावरून तेथील वैद्यांचा तर्क असा कीं, सोडा वाढला, त्याअर्थीं रक्त अल्काकडे झुकलें आहे, आणि हा कांहीं अज्ञात विकार असावा. ब्यॉर्न इब्सेन नांवाचा एक तरुण भूलतज्ज्ञ होता. तो म्हणाला, अल्क नव्हे, आम्ल. मुलांना श्वास पुरत नाहीं, कर्बवायु आंत तुंबला आहे, आणि तुम्ही पाहतां तो सोडा हा त्याच तुंबलेल्या वायूचा परिणाम आहे. त्यांच्या अंगाला घाम येतो, रक्ताचा दाब चढतो, कातडी ऊन व लाल होते, आणि मग शुद्ध जाते. हीं सारीं कर्बवायूचीं लक्षणें आहेत.

२७ ऑगस्ट १९५२ रोजीं मरणाच्या दारीं असलेल्या एका बारा वर्षांच्या मुलीच्या गळ्याला छेद देऊन इब्सेननें त्यांत नळी बसविली व रबरी पिशवी हातानें दाबून तिच्या फुप्फुसांत हवा भरावयास सुरुवात केली. आरंभीं ती हवा नीट आंत जाईना आणि मुलीची अवस्था आणखी बिघडली. अखेर तिला झोंप आणून स्नायु सैल केल्यावर पिशवी चालली, कर्बवायु बाहेर पडला, नाडी व रक्ताचा दाब ठिकाणावर आला. मुलगी जगली. त्यानंतर त्या रुग्णालयांत जें घडलें तें वाचून मन थक्क होतें: सुमारें दीड हजार वैद्यकीय विद्यार्थी पाळ्या लावून, रात्रंदिवस, प्रत्येक मुलाच्या उशाशीं बसून हातानें पिशव्या दाबीत राहिले. मृत्यूचें प्रमाण निम्म्याहून खालीं आलें. पण कोणीं किती जोरानें व किती वेळां पिशवी दाबावी हें ठरवावयाचें कसें? त्यासाठीं तेथल्या प्रयोगशाळेच्या पॉल आस्ट्रप यानें धमनींतलें रक्त घेऊन त्याचें पीएच मोजावयाचें व त्यावरून कर्बवायूचा दाब काढावयाचा अशी रीत बसविली. पुढें थोड्याच वर्षांत अमेरिकेंत क्लार्कनें प्राणवायूसाठीं व सेव्हरिंगहाउसनें कर्बवायूसाठीं विद्युत्‌-अग्रें सिद्ध केलीं. आज अतिदक्षता विभागाच्या कोपऱ्यांत असलेलें, दोन-तीन मिनिटांत कागदाची पट्टी बाहेर टाकणारें यंत्र तें याच घराण्यांतलें.

हा प्रसंग परदेशाचा म्हणून दूरचा वाटेल; पण फुप्फुसें अगदीं चांगलीं असून नुसता स्नायु लुळा पडल्यामुळें माणूस गुदमरतो, याचें उदाहरण आपल्याकडे दर पावसाळ्यांत घडतें. मण्यार हा साप रात्रीं जमिनीवर निजलेल्या माणसाला चावतो. दंश बहुधा दुखतहि नाहीं. पहांटेस पापण्या जड होतात, गिळतां येईनासें होतें, आवाज बसतो आणि मग छातीचे स्नायु थकतात. अशा माणसाला प्रतिविष तर द्यावें लागतेंच, परंतु तालुक्याच्या ठिकाणाहून मोठ्या रुग्णालयापर्यंतच्या वाटेवर त्याचा प्राण राखणारी वस्तु म्हणजे ती हातानें दाबावयाची पिशवीच. तिला रुग्णालयांत ‘अंबू बॅग’ म्हणतात, आणि ती आपोआप फुगणारी पिशवी डेन्मार्कांतच १९५६ सालीं निघाली. एक महत्त्वाची गोष्ट येथें लक्षांत घ्यावी: अशा रुग्णाच्या नाकाला प्राणवायूची नळी लावून ठेवली, तर बोटावरचा आंकडा बराच वेळ चांगला राहूं शकतो आणि आंत कर्बवायु मात्र चढत जातो. चिमटा मुकाट्यानें ९७ दाखवीत राहतो.

म्हणून धमनींतून रक्त घ्यावें लागतें. ही धमनी बहुधा मनगटाचीच निवडतात. वैद्यबुवा जेथें तीन बोटें ठेवून नाडी पाहतात, अगदीं त्याच जागेची. नेहमींच्या तपासणीसाठीं कोंपरांतल्या शिरेंतून रक्त काढतात त्यापेक्षां ही सुई अधिक दुखते, हें रुग्णाला आधीं सांगितलेलें बरें. रक्त गोठूं नये म्हणून पिचकारींत हेपॅरिन असतें. पिचकारींत हवेचा बुडबुडा राहिला तर आंकडे बिघडतात, आणि नमुना तसाच पडून राहिला तर रक्तांतल्या पेशीच प्राणवायु खाऊन टाकतात. म्हणून परिचारिका तो हातांत घेऊन घाईनें निघाली तर तिला वाटेंत थांबवून प्रश्न विचारूं नयेत. सुई काढल्यावर त्या जागीं निदान पांच मिनिटें घट्ट दाबून धरावयाचें असतें. हें काम नातेवाइकांकडे आलें तर तें मनापासून करावें; मध्येंच उचलून ‘थांबलें का’ असें पाहूं नये.

कागदावर मुख्यतः चार आंकडे येतात. पीएच ७.३५ ते ७.४५, कर्बवायूचा दाब ३५ ते ४५ मिलिमीटर, बायकार्बोनेट २२ ते २६, आणि प्राणवायूचा दाब साधारण ८० ते १००. शेवटच्या आंकड्याबद्दल पुणेंकरांनीं एक वजावट करावी. मुंबईस समुद्रकांठीं हवेचा दाब ७६० मिलिमीटर. फुप्फुसांतली हवा ओली असते, म्हणून वाफेचे ४७ वजा केले, उरले ७१३, त्याचे शेंकडा २१ म्हणजे सुमारें १५०. त्यांतून कर्बवायूच्या वांट्याचे सुमारें ५० गेले कीं वायुकोशांत १०० उरतात. आपलें पुणें समुद्रसपाटीपासून सुमारें ५६० मीटर उंच आहे. येथें हवेचा दाब अदमासें ७१० भरतो. तोच हिशेब केला तर वायुकोशांत ८९ उरतात. म्हणजे तीच निरोगी व्यक्ति मुंबईहून पुण्यास आली तर तिच्या कागदावर प्राणवायूचा दाब दहाएक मिलिमीटरनीं कमी येईल, व त्यांत घाबरण्यासारखें कांहीं नाहीं. वयाबरोबरहि हा आंकडा उतरत जातो. सिंहगड चढतांना माझ्या वयाच्या माणसाला लागणारा दम मात्र हवेच्या दाबाच्या माथीं मारतां येत नाहीं.

कागद वाचण्याची रीत सोपी आहे. आधीं पीएच पाहावें: आम्ल कीं अल्क. मग दोषी कोण तें पाहावें. कर्बवायु वाढून आम्ल झालें असेल तर दोष श्वासाचा. सोडा घटून आम्ल झालें असेल तर दोष इतरत्र. या दुसऱ्या प्रकाराचें एक उदाहरण देतों, कारण तें घराघरांत फसवितें. मधुमेहाचा तरुण रुग्ण, इन्शुलिन चुकलें, दोन दिवस उलट्या, आणि आतां तो जोरजोरानें, खोल, न थांबतां श्वास घेत आहे. घरच्यांना वाटतें दमा झाला. बोटावर ९९. कागदावर मात्र पीएच ७.१२, बायकार्बोनेट ५, कर्बवायु १६. याचीं फुप्फुसें उत्तम आहेत. रक्तांत शरीरानेंच बनविलेलीं आम्लें भरलीं आहेत, सोडा संपत आला आहे, आणि विसास एकाचें प्रमाण होईल तितकें राखण्यासाठीं बिचारीं फुप्फुसें कर्बवायु शक्य तितका बाहेर फेंकीत आहेत. कुस्मौल या जर्मन वैद्यानें १८७४ सालीं या श्वासाचें वर्णन केलें. अशा माणसाला दम्याची वाफ देत घरीं बसवून ठेवणें म्हणजे घात होय. त्याला तांतडीनें रुग्णालयांत नेऊन पाणी व इन्शुलिन मिळालें पाहिजे.

चिमट्याला फसविणारा आणखी एक शत्रु आपल्या न्हाणीघरांत असतो. बंद खोलींतला गॅसचा गीझर अपुऱ्या हवेवर जळूं लागला कीं कार्बन मोनॉक्साइड हा निर्गंध वायु निघतो. तो हिमोग्लोबिनला प्राणवायूहून कितीतरी घट्ट चिकटतो आणि त्यालाहि लाल रंगच देतो. त्यामुळें बेशुद्ध पडलेल्या माणसाच्या बोटाला लावलेलें यंत्र ‘९८’ म्हणूं शकतें. त्यास आधीं मोकळ्या हवेंत आणावें आणि रुग्णालयांत गेल्यावर गीझरचा उल्लेख आवर्जून करावा. रक्त तपासणाऱ्या मोठ्या यंत्रांत हा वायु निराळा मोजण्याची सोय बहुधा असते.

आतां मुख्य मुद्द्याकडे येतों. समजा, नारायण पेठेंतल्या एका घरीं बहात्तर वर्षांच्या आजी आहेत. लहानपण आणि निम्मा संसार खेड्यांत, चुलीपुढें गेला. आयुष्यांत कधीं विडी ओढली नाहीं, पण धुरानें तीच करामत केली. श्वासनलिका कायमच्या आकसल्या आहेत. डॉक्टर या रोगाला सीओपीडी म्हणतात. त्यांचा नेहमींचा कागद असा: पीएच ७.३६, कर्बवायु ५८, बायकार्बोनेट ३२. कर्बवायु दीडपट असूनहि पीएच जवळजवळ ठीक आहे, कारण मूत्रपिंडांनीं महिनोन्महिने हळूहळू सोडा सांठवून तोल संभाळला आहे. बोटावर नेहमीं ८९ दिसतात. एक दिवस सर्दी छातींत उतरते, धाप वाढते, आंकडा ८४ होतो. घरांत प्राणवायु देणारें यंत्र आहेच. नातू शिकलेला, मायाळू. तो यंत्राचें बटण एक लिटरवरून पांचावर नेतो. आंकडा ९८ होतो. सगळ्यांचा जीव भांड्यांत पडतो. तासाभरानें आजी शांत होतात, धाप कमी होते, गाल लालसर दिसतात. ‘आजी, आतां बरं वाटतंय ना?’ म्हणून नातू विचारतो. आजी ‘हूं’ म्हणतात. सूनबाई म्हणतात, ‘निजूं दे रे त्यांना, दोन रात्री डोळा लागला नव्हता.’

ही झोंप नव्हे. या क्षणीं मनगटांतलें रक्त घेतलें असतें तर कागदावर पीएच ७.२४, कर्बवायु ८०, बायकार्बोनेट ३३ असें कांहीं दिसलें असतें. सोडा तोच आहे, मूत्रपिंडांना वेळ मिळालेला नाहीं. वायु मात्र तासाभरांत चढला. ३३ भागिले २.४ केलें तर १४ देखील पुरे भरत नाहींत. विसाचें प्रमाण चौदाच्या खालीं आलें आहे. आणि बोटावर? ९८.

प्राणवायु दिल्यानें कर्बवायु कां वाढावा, हें कोडें वाटेल. पूर्वीं सांगत कीं, अशा रुग्णांचा मेंदू प्राणवायूच्या उणिवेवरच श्वास चालवितो, आणि ती उणीव भरून काढली कीं तो आळसावतो. त्यांत थोडें तथ्य आहे, पण पुरतें नाहीं. रोगट फुप्फुसाचे जे भाग हवेशीर नाहींत तेथें जाणाऱ्या रक्तवाहिन्या शरीरानें आकसून ठेवलेल्या असतात. फार प्राणवायु मिळाला कीं त्या सैलावतात, रक्त त्या कोंदट भागांकडे वळतें आणि कर्बवायु न टाकतांच परत फिरतें. शिवाय प्राणवायूनें भरलेलें हिमोग्लोबिन कर्बवायूचें ओझें टाकून देतें, तेंहि रक्तांत साचतें. या ज्ञानाचा व्यवहारांत किती उपयोग, याचा पुरावा २०१० सालीं टास्मानिया बेटांतून आला. तेथें रुग्णवाहिकेंतून नेल्या जाणाऱ्या ४०५ रुग्णांपैकीं कांहींना नेहमींप्रमाणें भरपूर प्राणवायु दिला आणि कांहींना बोटावरचा आंकडा ८८ ते ९२ च्या दरम्यान राहील इतकाच. मोजून दिलेल्यांतलें मृत्यूचें प्रमाण भरपूर दिलेल्यांच्या निम्म्याहूनहि कमी निघालें.

यावरून कोणीं प्राणवायु हेंच विष असें समजून यंत्र बंद करूं नये. २१ एप्रिल २०२१ रोजीं नाशिकच्या डॉ. झाकिर हुसेन रुग्णालयांत टाकीला गळती लागून प्राणवायूचा पुरवठा तुटला आणि वीसहून अधिक रुग्ण थोड्या वेळांत गेले, हें आपण विसरलेलों नाहीं. कोरोनाच्या रुग्णांत तर कर्बवायु बाहेर पडत असे आणि प्राणवायु मात्र आंत जात नसे. म्हणूनच माणूस बोलत-चालत असतां बोटावर ८० दिसत. त्यांना प्राणवायु सढळ हातानें देणेंच योग्य होतें. आजींच्या प्रकारच्या रोगांतहि ज्यांच्या रक्तांत प्राणवायु कायमचा फार कमी असतो त्यांना दिवसाचे निदान पंधरा तास तो मोजून दिल्यास आयुष्य वाढतें, हें १९८० च्या सुमारासच सिद्ध झालें आहे. भेद रोगाचा आहे, आणि तो भेद बोटावरच्या आंकड्यांत दिसत नाहीं.

तेव्हां घरीं प्राणवायूचें यंत्र असलेल्यांनीं डॉक्टरांना दोन गोष्टी स्पष्ट विचारून घ्याव्यात: ‘यांचा कर्बवायु सांठतो काय?’ आणि ‘यांचा आंकडा किती ते किती ठेवावयाचा?’ उत्तर ‘८८ ते ९२’ असें मिळालें तर तें ठळक अक्षरांत लिहून यंत्रावर चिकटवावें, म्हणजे रात्रीं पाळीवर असलेल्या प्रत्येकाला तें दिसेल. मुंबईहून आलेले काका ‘अठ्ठ्याऐंशी? बटण वाढव कीं!’ म्हणतील, त्यांनाहि तो कागद दाखवावा. सकाळीं डोकें दुखणें, दिवसा अकारण पेंगणें, बोलणें असंबद्ध होणें, हात पुढें धरले असतां मनगटें पाखराच्या पंखांसारखीं फडफडणें, हात ऊन व लाल होणें, यांपैकीं कांहीं दिसलें तर बोटावरचा आंकडा कितीहि सुरेख असो, डॉक्टरांना तत्काळ कळवावें आणि कर्बवायु तपासण्याची गोष्ट आपण होऊन काढावी. यंत्र एकदम बंद करूं नये, कारण त्यानें प्राणवायु पूर्वींपेक्षांहि खालीं कोसळतो. बटण ठरलेल्या खुणेवर परत आणून रुग्णवाहिका बोलवावी. रुग्णालयांत अशा रुग्णाच्या तोंडावर घट्ट मुखवटा बसवून श्वासाला जोर देणारें यंत्र लावतात. कोपनहेगनच्या विद्यार्थ्यांनीं हातानें केलें तें काम तें विजेवर करतें, आणि तासाभरानें मनगटांतून पुन्हां रक्त घेऊन पीएच कोणीकडे चाललें आहे तें पाहतात.